चौथा स्क्रू

फाइल माझ्याकडे असते.
हरेश्वर जाळं सांभाळतो, मी कागद:
बिल, इंजिनाचा नंबर, कर्जाचं पुस्तक,
आणि ते चकचकीत कार्ड, ज्यावर लिहिलंय
बारा महिने.
खारदांड्याला दर्याचं वर्ष दहाचंच.
जून-जुलै होडी ताडपत्रीखाली झोपलेली,
पण कंपनीने तेही दोन महिने धरले,
वाणी वजनात पिशवी धरतो तसे.

होडी नवी. इतकी नवी
की अजून तिला मासळीचा वास धरत नव्हता.
आणि तळाला पाणी.
रोज सकाळी दीड बादली,
ना जास्त ना कमी,
दूधवाल्याच्या नेमाने.

फोन केला. एक दाबा, दोन दाबा.
"मॅडम, गाडीचा नंबर सांगा."
गाडी नाही रे बाबा, होडी.
"होडीचा ऑप्शन नाहीये. फोरव्हीलर टाकू?"
टाक म्हटलं.
तक्रारीला नंबर मिळाला, आधार कार्डाएवढा लांब.

तीनदा माणूस आला, तीनही वेळा ओहोटीला.
होडी चिखलात बसलेली, कोरडी ठणठणीत.
पाणी कुठंय?
गेलंय, सहा तासांनी येईल.
"आमची ड्युटी सहापर्यंत."
कागदावर लिहून गेला: दोष आढळला नाही.

चौथ्यांदा आला तो सोमलिंग, जतकडचा पोरगा.
आधी फोन करून भरतीची वेळ विचारली त्याने.
तेव्हाच म्हटलं, हा शोधणार.
बूट हातात घेऊन चढला,
खडकापलीकडे गेल्यावर दोनदा ओकला,
तोंड पुसलं आणि टॉर्च घेऊन पुढे आत शिरला.
बराच वेळ नुसते त्याचे तळपाय दिसत होते.

"काकी, हे काय लावलंय?"

नाळेच्या आतल्या अंगाला वीतभर साग.
काळा, तेल पिऊन पिऊन गुळगुळीत.
जुन्या होडीचा.
ती मोडीत काढली त्या दिवशी
मामंजींनी एवढाच तुकडा मागून घेतला होता,
आणि कुणाला न सांगता
नवीच्या पोटात चार स्क्रूंनी बसवला.
तीन नीट बसले.
चौथा आरपार.
लाट आली की भोकातून आत बघायची.

काठाला लागल्यावर पोराने फॉर्म काढला.
ग्राहकाने केलेला बदल: होय, नाही.
बदल केल्याची तारीख.
मामंजी वाळूतून ओरडले,
"ती फली होरीच्या आधीची हाय!
बदल झालाय तो होरीचा, फलीचा नाय!"

हरेश्वर बापाकडे बघेना.
मला हसू फुटलं, मग हिशोब आठवला:
फायबरचं काम, मजुरी, होडी वर ओढायचे पैसे,
अठरा हजार, कमीत कमी.
पोरगा म्हणाला, खोटं नाही लिहिता येणार काकी,
फोटो पाठवावे लागतात.
म्हटलं, खरं आहे ते लिही.
त्याने 'होय'वर खूण केली.
तारखेचा रकाना मात्र रिकामाच सोडला.

मग सॅकमधून अर्धी पिळलेली ट्यूब काढली,
दुसऱ्या कामातली उरलेली.
स्क्रू काढला, भोक रॉकेलने पुसलं, भरलं, बोटाने सारखं केलं.
फळी?
"राहू दे. तीन पुरतात."
मामंजींनी त्याच्या हातातला चौथा स्क्रू घेतला,
सदऱ्याच्या खिशात टाकला,
आणि बऱ्याच वेळाने विचारलं, बोंबील खातोस का.
खातो, म्हणाला, पण आज शनिवार आहे.

कार्डाची मुदत गेल्या मंगळवारी संपली.
फाइलीतून अजून काढलं नाही मी.
तळाशी सकाळी वाटीभर पाणी निघतं अजून.
मामंजी म्हणतात, घाम आहे तिचा.
हरेश्वर म्हणतो, पाचवं भोक शोधायला हवं.
मी बोट बुडवून चव घेतली.
खारट.
दोघांचंही खरं असू शकतं.